बूच भिजवावे की नाही? : एका घरगुती कृतीचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

१/
जुलै २०१०. बाल्टिक समुद्रातील आलाँड बेटांजवळ पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. सुमारे ५० मीटर खोलीवर, थंड अंधारात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या पडून होत्या. सुमारे १७० वर्षे पाण्यात राहिल्याने कागदी लेबले केव्हाच नाहीशी झाली होती. मग या बाटल्या कोणाच्या, हे ठरले कसे? बुचांवरून! बुचाचे जे टोक आतील वाइनला लागून होते, त्यावर उत्पादकांनी उमटविलेल्या खुणा अजून वाचता येत होत्या. आजचा धागा या बुचाविषयी.

२/
वाइनचा इतिहास सांगताना द्राक्षमळे, राजेरजवाडे, फार तर काचेच्या बाटल्या यांचा उल्लेख होतो. बुचाकडे कोणी पाहत नाही. पण घरी वाइन किंवा सायडर करून बाटलीत भरणाऱ्या माणसापुढे शेकडो वर्षे एकच प्रश्न उभा होता : वर्षभराचे कष्ट ज्या दोन इंच सालीच्या भरवशावर ठेवायचे, ती साल निवडावी कशी, तयार कशी करावी आणि वापरेपर्यंत जपावी कशी? १६७६ साली एका इंग्रज लेखकाने याचे उत्तर छापले. त्याचे कोणते म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले आणि कोणते नाही, हे आपण पाहू. पण आधी थोडी पूर्वपीठिका.

३/
प्रथम एक गोंधळ दूर करू. पुण्याच्या रस्त्यांवर पावसाळा सरता सरता पांढऱ्या, लांब देठाच्या सुगंधी फुलांचा सडा पाडणाऱ्या वृक्षाला आपण ‘बुचाचे झाड’ किंवा ‘आकाशनिंब’ म्हणतो. त्याची साल मऊ असते व हलक्या प्रतीच्या बुचांसाठी ती वापरली गेली. त्यावरूनच त्याला इंग्रजीत ‘इंडियन कॉर्क ट्री’ हे नाव पडले. परंतु वाइनच्या बाटलीचे खरे बूच या झाडाचे नव्हे. ते भूमध्य सागराच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या कॉर्क ओकचे. ‘बूच’ या आपल्या शब्दाचे नातेही पोर्तुगीज ‘बुशा’ या शब्दाशी जोडले जाते. त्या भाषेत त्याचा अर्थ भोकात ठासायचा गोळा किंवा खुंटी असा आहे.

४/
कॉर्क ओक पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सार्डिनिया आणि दक्षिण फ्रान्समध्ये आढळतो. जगातील निम्मे कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येते. या वृक्षाची जाड साल ही मुळात वणव्यापासून केलेली संरक्षणाची तजवीज आहे. तिचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ती सोलून काढली तरी झाड मरत नाही. आतला जिवंत थर शाबूत राहिला तर नवी साल धरते. म्हणूनच हे काम कुऱ्हाडीने, पण अत्यंत हलक्या हाताने केले जाते. घाव थोडा जरी खोल गेला, तरी त्या जागी पुन्हा चांगली साल येत नाही.

५/
आता हिशेब पाहा. झाड सुमारे २५ वर्षांचे झाले की पहिली साल निघते. पण ती खडबडीत व वेडीवाकडी असते, बुचाच्या उपयोगाची नसते. त्यानंतर किमान ९ वर्षे थांबायचे. दुसरी सालही बुचाला उतरत नाही. पुन्हा ९ वर्षे. म्हणजे लावल्यापासून सुमारे ४३ वर्षांनी त्या झाडाचे पहिले खरे बूच तयार होते. ९ वर्षांची मर्यादा पोर्तुगालमध्ये कायद्याने घातलेली आहे, आणि मागची तोडणी कोणत्या साली झाली तो आकडा खोडावर रंगवून ठेवतात. आजोबांनी लावावे आणि नातवाने सोलावे, असा हा व्यवसाय!

६/
ही साल एवढी गुणी का, याचे पहिले शास्त्रीय उत्तर १६६५ साली मिळाले. रॉबर्ट हूक याने चाकूने बुचाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक रिकामी घरे दिसली. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले. जीवशास्त्रातील ‘पेशी’ या संकल्पनेचे नाव असे बाटलीच्या बुचातून जन्माला आले. एका घन इंचात अशी सुमारे १२६ कोटी घरे असावीत, असा त्याने हिशेब मांडला. बूच हलके का, पाणी का पीत नाही आणि बाटलीतील दाबलेली हवा कशी अडवून धरते, याचे कारण त्याने या बंदिस्त घरांत शोधले.

७/
हूकचा रोख बरोबर होता. बुचाच्या आकारमानाचा बहुतांश भाग म्हणजे या पेशींत कोंडलेली हवा असते, आणि पेशींच्या भिंतींत पाणी अडविणारे सुबेरिन नावाचे मेणासारखे द्रव्य असते. रबर एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने फुगते. बूच जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे २४ मिलिमीटर जाडीचे बूच आवळून सुमारे १८.५ मिलिमीटरच्या गळ्यात उतरविता येते, आणि आत गेल्यावर ते पुन्हा पसरू पाहते. गळा बंद राहतो तो या सततच्या धडपडीमुळे. बुचाची निगा राखायची म्हणजे ही उसळी जपायची. पुढे सगळीकडे हेच सूत्र ध्यानात ठेवा.

८/
बुचाचा वापर मात्र हूकहून फार प्राचीन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात एक घरगुती कृती दिली आहे. द्राक्षांचा ताजा रस वर्षभर गोड ठेवायचा असेल, तर तो अँफोरा नावाच्या मातीच्या उंच भांड्यात भरावा, बुचावर राळेचे डांबर चढवून तोंड बंद करावे, भांडे तळ्यात बुडवावे आणि ३० दिवसांनी बाहेर काढावे. थंड पाणी आणि हवाबंद तोंड, या दोनच गोष्टींवर ही कृती उभी आहे. लक्षात घ्या, येथे बूच एकटे पुरेसे मानलेले नाही. त्याच्या फटी डांबराने भरल्या आहेत.

९/
पहिल्या शतकातील प्लिनी बुचाचे उपयोग मोजून दाखवितो : नांगराच्या दोरांचे व कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगते गोळे, भांड्यांची बुचे आणि स्त्रियांच्या हिवाळी पादत्राणांचे तळवे. याच काळात रोमन जगाची वाइन अँफोरांत भरून आपल्या किनाऱ्यावरही येत होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे येणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचा उल्लेख आहे. घारापुरी बेटावरही भूमध्य प्रदेशातील अँफोरांची खापरे मिळाली आहेत. त्या भांड्यांची तोंडे उघडणाऱ्या इथल्या हातांनी डांबर लावलेली बुचे पाहिली असणे अगदी शक्य आहे.

१०/
पुढे मात्र चित्र पालटले. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात अँफोराची जागा लाकडी पिंपांनी घेतली. पिंपाला लाकडी खुंटी पुरते. बुचाची गरज राहिली नाही. मध्ययुगीन उत्तर युरोपात वाइन वर्षाच्या आत पिऊन संपवायची वस्तू बनली, कारण अर्धे रिकामे झालेले पीप हवेने आंबट होई. काचेच्या बाटल्या होत्या, पण त्या नाजूक आणि फक्त वाढण्यासाठी. त्यांच्या तोंडात लाकडी खुंटी तेलात भिजविलेल्या तागात गुंडाळून बसवीत, किंवा मेण लावीत. बुचाचे पुनरागमन व्हायचे, तर आधी त्याचा दाब सोसणारी काच हवी होती.

११/
ती काच इंग्लंडमध्ये तयार झाली, आणि तीही आरमाराच्या चिंतेतून. जहाजांसाठी लाकूड राखावे म्हणून १६१५ साली राजा पहिला जेम्स याने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची भट्टी अधिक तापते. तिच्यातून जाड, गडद आणि दणकट काच निघू लागली. १६३० च्या दशकात सर केनेल्म डिग्बी याने अशा बाटल्या बनविण्याची पद्धत बसविली, आणि १६६२ साली हक्काचा वाद उभा राहिला तेव्हा श्रेय त्यालाच देण्यात आले. गडद काच, लांब गळा, तोंडाशी काचेचे जाड कडे : बुचासाठी घर सिद्ध झाले.

१२/
आता बाटलीत भरण्याचे काम घरोघरी सुरू झाले. त्या काळी वाइन पिंपाने विकली जाई. सधन माणूस स्वतःच्या बाटल्या बनवून घेई आणि त्या भरून घेई. २३ ऑक्टोबर १६६३ रोजी सॅम्युएल पीप्सने आपल्या दैनंदिनीत नोंद केली आहे की, आपली मुद्रा असलेल्या पाच-सहा डझन नव्या बाटल्या भरताना त्याने पाहिल्या. डिग्बीच्या मृत्यूनंतर, १६६९ साली, त्याचे पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात मधापासून करायच्या घरगुती पेयांच्या कितीतरी कृती आहेत. खेड्यांतील जमीनदारांच्या घरी सफरचंदांची सायडर बाटल्यांत भरून ठेवण्याची चढाओढच लागली होती.

१३/
या पार्श्वभूमीवर १६७६ साली जॉन वर्लिज याचे ‘विनेटम ब्रिटानिकम’ हे पुस्तक आले. वर्लिज हॅम्पशरमधील पीटर्सफील्डचा. पुस्तकाचा विषय सायडर आणि इतर फळांच्या वाइन. वाचक म्हणजे स्वतःच्या बागेतील फळे दळून, गाळून, बाटलीत भरणारा गृहस्थ. बुचांविषयी त्याने दिलेला सल्ला थोडक्यात असा : बुचे फार काळजीपूर्वक निवडा, कारण केवळ बुचाच्या दोषाने उत्तम पेये वाया गेली आहेत. वापरण्यापूर्वी ती थोडा वेळ कढत पाण्यात भिजवा. आणि भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवा. निवड, भिजवण आणि आडवी बाटली. आता एकेक सल्ला तपासू.

१४/
पहिला सल्ला निवडीचा. खोडाच्या श्वासासाठी सालीतून आतबाहेर जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. बूच चुकीच्या दिशेने कापले, तर याच नळ्या बाटलीतून बाहेर जाणाऱ्या वाटा बनतात. म्हणून आजही बूच खोडाच्या उंचीला समांतर असे कोरून काढतात. नळ्या आडव्या येतात आणि काचेला टेकून बंद होतात. वर्लिजच्या ग्राहकाला प्रत्येक बूच हातात घेऊन भेगा, किडीची भोके आणि दगडी गाठी पाहाव्या लागत. या कटकटीला कंटाळून तो घासून नेमक्या बसविलेल्या काचेच्या बुचांची शिफारस करतो. पण काचेचे बूच ज्या बाटलीसाठी घासले त्याच बाटलीला बसे, आणि घट्ट रुतले तर बाटली फुटण्याची भीती! व्यवहारात बूचच टिकले.

१५/
दुसरा सल्ला भिजवण्याचा. वर्लिज म्हणतो त्यामागे अनुभव होता. त्या काळची बुचे हाताने, सुरीने कापलेली, एका टोकाला निमुळती असत. ती हाताने दाबून किंवा लाकडी थापीने ठोकून बसवीत. इंग्लंडमध्ये बाटली पकडण्यासाठी चामड्याचा बूट आणि ठोकण्यासाठी ‘फ्लॉगर’ नावाची थापी वापरीत. दोन बाटल्यांचे गळे एकसारखे नसत. कढत पाण्याने पेशींच्या भिंती मऊ होतात, बूच वेड्यावाकड्या गळ्याशी जुळवून घेते. कोरडे बूच ठोकले तर कडा तुटत व कण वाइनमध्ये पडत. म्हणजे १६७६ च्या अवजारांना हा सल्ला अगदी योग्य होता.

१६/
बूच पूर्ण आत ठोकायचे तर पुन्हा बाहेर काढायचे कसे? १६८१ साली निहेमाया ग्रू याने रॉयल सोसायटीच्या संग्रहालयाची सूची छापली. तिच्यात एका वस्तूचे वर्णन करताना तो उपमा देतो ती बाटलीतील बुचे ओढण्याच्या पोलादी ‘किड्या’ची. कॉर्कस्क्रूचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानला जातो. बंदुकीच्या नळीत अडकलेला बार काढण्यासाठी सैनिक असाच पोलादी पीळ वापरीत. पुढे १७९५ मध्ये सॅम्युएल हेन्शॉल या धर्मोपदेशकाने कॉर्कस्क्रूचे पेटंट घेतले. कॉर्कस्क्रू आला आणि बूच गळ्यात पूर्ण बुडविणे शक्य झाले; तोवर ते थोडे बाहेर ठेवून दोऱ्याने बांधीत.

१७/
तिसरा सल्ला आडव्या बाटलीचा. वर्लिजचे कारण साधे होते : आडव्या बाटलीत बूच ओले राहते आणि उरलेली हवा बुचापाशी न राहता बाटलीच्या कुशीला जाते. पण त्या काळची बाटली होती कांद्यासारखी फुगीर! तिच्या उतरंडी रचता येत नव्हत्या. अठराव्या शतकात बाटल्यांच्या बाजू हळूहळू सरळ होत गेल्या. १७०३ च्या मेथ्युएन करारानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगालच्या वाइनवर कमी जकात बसू लागली आणि ‘पोर्ट’ वर्षानुवर्षे मुरविण्याची आवड वाढली. तळघरात आडव्या रचता येणारी लांबट बाटली हीच मग प्रमाण ठरली. वाइन आणि बूच दोन्ही एकाच देशातून येऊ लागली होती.

१८/
याच सल्ल्याचा एक धागा थेट आपल्या गावच्या जत्रेपर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सोडावॉटरच्या बाटल्यांना अंड्यासारखा गोल तळ देण्यात आला. कारण? बाटली उभी राहूच नये, आडवी पडावी आणि बूच ओले राहावे. नाहीतर ते सुकून आकसे व वायू निघून जाई. हे बुचाचे लोढणेच नको म्हणून १८७० च्या दशकात हायरम कॉड याने गळ्यात काचेची गोटी बसविलेली बाटली बनविली. आतल्या वायूचा दाबच गोटीला वर रेटून तोंड बंद करी. आपली गोटी सोड्याची बाटली ती हीच. पुढची गोटी फोडताना बुचाची आठवण जरूर काढा.

१९/
येथे एका लोकप्रिय आख्यायिकेचा समाचार घेऊ. फ्रान्समधील ओव्हिलेरच्या मठातील दों पेरिन्यों (१६३८–१७१५) याने शॅम्पेन शोधली आणि स्पॅनिश भिक्षूंच्या पाणबाटल्यांवरून बुचाची कल्पना उचलली, असे सांगतात. पण डिसेंबर १६६२ मध्येच क्रिस्टोफर मेरेटने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात, वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करण्याची इंग्रज पद्धत नोंदविली होती, आणि बुचाची बाटलीही तेथे रुळलेली होती. फ्रान्समध्ये १७२८ च्या राजाज्ञेने शॅम्पेन प्रांताची वाइन बाटल्यांतून नेण्यास परवानगी मिळाली. १७३५ च्या आज्ञेने बूच तिपेडी दोऱ्याने, वरून फुली येईल असे बांधण्याची सक्ती केली. १८४४ मध्ये आदोल्फ जाकसों याने दोऱ्याऐवजी तारेच्या बंधाचे पेटंट घेतले.

२०/
एकोणिसाव्या शतकात साच्यातील एकसारख्या बाटल्या आल्या (ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्सचे पेटंट १८२१ चे) आणि बूच आवळून गळ्यात ढकलणारी यंत्रेही आली. निमुळत्या बुचाची जागा सरळ नळकांड्यासारख्या बुचाने घेतली. येथेच वर्लिजच्या दुसऱ्या सल्ल्याचा पाया सुटला. यंत्राचे जबडे बूच सुमारे १६ मिलिमीटरपर्यंत आवळतात. त्याला कढत पाण्याची गरज उरत नाही. उलट फार उकळलेले बूच ठिसूळ होते, उसळी गमावते, आणि भिजलेले बूच आवळताना त्यातील मळकट पाणी वाइनमध्ये पिळले जाते. तरीही ‘बुचे उकळून घ्या’ हा सल्ला घरगुती पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. कारण बदलले, तरी कृती उरली.

२१/
सालीला कढत पाणी मात्र लागतेच. फक्त ते आता घरी नव्हे, कारखान्यात. सोललेल्या सालीचे तक्ते महिनोन्‌महिने उघड्यावर ऊनपाऊस खातात. मग ते सुमारे तासभर उकळतात. त्याने साल सपाट व लवचीक होते, पेशी फुगतात, घाण निघते. नंतर पट्ट्या कापून त्यांतून बुचे कोरतात, धुतात, वाळवितात आणि वर पॅराफिन किंवा सिलिकोनचा पातळ लेप देतात. म्हणजे बूच ग्राहकाच्या हाती येते तेव्हा ते ‘तयार’ असते. त्याला पुन्हा तयार करण्याच्या नादात लोक ते बिघडवितात.

२२/
आता या कथेतील सर्वांत बोचरा भाग. बाटली उघडावी आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास यावा, हे दुखणे जुने होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर व सहकाऱ्यांनी त्याचे मुख्य कारण ओळखले : ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, संक्षेपाने टीसीए. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. हिशेब असा : २५ लाख लिटरच्या पोहण्याच्या तलावात १० मिलिग्रॅम टाकले, की लिटरमागे ४ नॅनोग्रॅम होतात, आणि तेवढ्याने वाइन वाया जाऊ शकते. पिणाऱ्याला अपाय नाही, पण करणाऱ्याचे वर्षभराचे श्रम व्यर्थ!

२३/
टीसीए तयार होते कसे? क्लोरीनयुक्त फिनॉल आणि बुरशी यांच्या गाठीतून. आणि क्लोरीन आले कोठून? काही अंशी लाकूड टिकविण्याच्या औषधांतून व कीटकनाशकांतून, आणि काही अंशी बुचे पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून केलेल्या क्लोरीनच्या धुलाईतून! स्वच्छतेसाठी केलेला उपायच दुर्गंधाला कच्चा माल पुरवीत होता. हे उमगल्यावर कारखाने हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळले. घरी वाइन करणाऱ्यालाही हाच धडा : बुचांना, बाटल्यांना आणि साठवणीच्या खोलीला क्लोरीनची पूड किंवा ब्लीच लावू नये. वर्लिजला अनुभवाने दिसलेला ‘बुचाचा दोष’ समजायला तीनशे वर्षे लागली.

२४/
मग आज बुचे जपावीत कशी? उत्तर उसळीच्या सूत्रातच आहे. बुचात सुमारे ५ ते ८ टक्के ओलावा हवा. त्याहून कमी झाला की बूच भुसभुशीत होते व चुरा पडतो. जास्त झाला की बुरशी धरते. म्हणून कारखान्यातून बुचे गंधक डायऑक्साइड भरलेल्या बंद पिशवीत येतात. ती पिशवी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात, ५० ते ७० टक्के आर्द्रतेच्या जागी, सुमारे सहा महिन्यांत वापरावी. रंग, रॉकेल, मसाले, साबण यांच्या शेजारी ठेवू नये. बूच वास टिपून घेते. कोकणातील पावसाळ्यात उघडी पिशवी म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

२५/
उरलेल्या बुचांसाठी घरगुती वाइन करणाऱ्यांत एक सोपी युक्ती रूढ आहे. झाकणाच्या बादलीत बुचे ठेवायची आणि मध्ये पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याची उघडी बरणी उभी करायची. बुचे भिजत नाहीत. बरणीतील वाफ व गंधकवायू त्यांना ओलसर व बुरशीमुक्त ठेवतात. भरण्याच्या दिवशी फार तर त्याच द्रावणातून झटकन बुडवून काढायची. बूच बसविल्यावर बाटली दोन-तीन दिवस उभी ठेवावी, म्हणजे आवळलेले बूच पुरते पसरते व दाब निवळतो. मगच आडवी करावी. वसई, वांद्रे व गोव्यातील ज्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी द्राक्षांची वाइन होते, तेथेही ती बाटलीत मुरवायची तर हेच नियम.

२६/
आता वर्लिजचा निकाल लावू. निवडीचा सल्ला शंभर टक्के टिकला. भिजवण्याचा सल्ला त्याच्या काळाला योग्य, आपल्या काळाला घातक. आडव्या बाटलीचा सल्ला बहुतांशी टिकला. उभ्या बाटलीतील हवाही दमटच असते, त्यामुळे बुचाचे आतील टोक सहसा सुकत नाही, असा प्रतिवाद अलीकडे केला जातो, पण तळघरे अजून आडव्या बाटल्यांनीच भरलेली आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एवढे घ्यावे : जुना सल्ला ‘खरा की खोटा’ असे विचारण्याआधी, तो कोणत्या अवजारांसाठी दिला होता, हे विचारावे.

२७/
टीसीएच्या भीतीने २००० साली ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी आपल्या रीसलिंग वाइनना धातूचे फिरकीचे झाकण लावले. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये त्यासाठी संघटित मोहीम सुरू झाली. झाकण उत्तम बंद होते, यात वाद नाही. पण बुचाला मागणी उरली नाही, तर ज्या रानांना पोर्तुगालमध्ये ‘मोंतादो’ म्हणतात, ती राखण्याचे कारणही संपते. तेथे झाड तोडल्याशिवाय उत्पन्न मिळते, गुरे चरतात, आयबेरियन लिंक्ससारखे दुर्मीळ प्राणी आसरा घेतात. डिसेंबर २०११ मध्ये पोर्तुगालने कॉर्क ओकला राष्ट्रीय वृक्ष घोषित केले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती.

२८/
पोर्तुगालमधील आग्वास द मोउरा या गावी १७८३ साली लावलेला एक कॉर्क ओक आजही उभा आहे. २०१८ मध्ये त्याला ‘युरोपियन ट्री ऑफ द इयर’ हा मान मिळाला. १९९१ च्या एकाच तोडणीत त्याने १,२०० किलो साल दिली. तिची लाखाहून अधिक बुचे झाली. ज्याने तो लावला, त्याला त्याचे एकही चांगले बूच बहुधा पाहायला मिळाले नसेल. बाल्टिकच्या तळाशी १७० वर्षे आपले काम करीत राहिलेली बुचेही अशाच कोणीतरी लावलेल्या आणि दुसऱ्याच कोणी जपून सोललेल्या झाडांची. पुढच्या वेळी बूच हातात आले, तर फेकण्यापूर्वी त्याच्या कडेवरील वर्षांच्या रेषा मोजून पाहा.

धागा समाप्त. आपल्या घरी जुन्या बाटल्या, निमुळती बुचे किंवा गोटी सोड्याच्या बाटल्या असतील, तर त्यांची छायाचित्रे खाली जरूर टाका. काळ ठरविण्याचा प्रयत्न मिळून करू.